‘वयामुळेच असेल’ म्हणण्याआधी एकेक डोळा झाकून पाहा

प्रश्न थोडक्यात असा : वय ५८. वाचायला चष्मा लागतो, एरवी डोळ्यांची काही तक्रार नाही. वडिलांना काचबिंदू होता. पुढेही नजर शाबूत राहावी म्हणून आत्तापासून काय करावं? ल्युटीनच्या गोळ्या, डोळ्यांचे व्यायाम, निळा प्रकाश अडवणारा चष्मा यांतलं काय उपयोगाचं आहे?

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकलीत, ती म्हणजे वडिलांचा काचबिंदू. त्याबद्दल सविस्तर लिहितो. गोळ्या आणि व्यायाम यांच्याकडे शेवटी वळेन. लोकांचा जेवढा वेळ आणि पैसा त्यांच्यावर जातो, तेवढी त्यांची योग्यता नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात इतकी वर्षं बसून माझं एक मत पक्कं झालंय. उतारवयात दृष्टी गमावणारे बरेच जण ती दवाखान्यात उशिरा आल्यामुळे गमावतात. इलाज आधीपासून होता. आणि उशीर आळसामुळे कमी होतो, ‘आता वय झालं, एवढं चालायचंच’ या समजुतीमुळे जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचं किंवा लांबचं कमी दिसतं. त्यांतल्या किमान १०० कोटींच्या बाबतीत ते टाळता आलं असतं किंवा त्यावरचा उपाय अजून त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही. हा उपाय म्हणजे बहुतेक वेळा साधा चष्मा किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन.

उशिराचं दुसरं कारण आपल्या घडणीतच आहे. एक डोळा हळूहळू मंदावला की दुसरा त्याचं काम बिनबोभाट उचलतो. मेंदू दोन्हींचं मिळून एकच चित्र बनवतो, त्यामुळे उणीव जाणवत नाही. मग कधीतरी चांगल्या डोळ्यात कचरा जातो, माणूस तो डोळा चोळायला लागतो आणि दुसऱ्याने काहीच दिसत नाही हे त्याच्या लक्षात येतं. असे रुग्ण ‘कालपासून दिसत नाही’ म्हणत येतात आणि तपासल्यावर आजार कित्येक वर्षांचा निघतो.

म्हणून पहिलं काम घरीच करण्यासारखं. महिन्यातून एकदा, नेहमीचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने अलगद झाका. बोटांनी दाबू नका. दाबलेला डोळा थोडा वेळ अंधूक राहतो आणि तुलना फसते. उघड्या डोळ्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहा, दाराची चौकट पाहा. मग दुसऱ्याने तेच. अक्षरं दोन्हींनी सारखीच ठळक दिसतात का? चौकटीची कड सरळ दिसते की मध्येच लाटेसारखी वाकते? जिथे बघताय तिथेच एखादा डाग किंवा पोकळी आहे का? कड वाकडी दिसणं हे डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्याच्या मध्यभागाच्या, म्हणजे मॅक्युलाच्या, आजाराचं लवकर कळणारं लक्षण आहे. त्यासाठी बारीक चौकोनांची जाळी छापलेला एक कागदही मिळतो. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क अ‍ॅम्सलर यांच्या नावाने त्याला अ‍ॅम्सलर ग्रिड म्हणतात. वाचायचा चष्मा लावून, वाचताना धरतो तेवढ्या अंतरावर धरून तो पाहायचा. काचबिंदू मात्र या घरच्या तपासणीत लवकर सापडत नाही, हे लक्षात असू द्या.

आता खरोखर वयाचं काय, ते वेगळं काढू.

डोळ्यातलं भिंग वर्षागणिक कडक होत जातं. लहान मुलाच्या डोळ्याची जवळ फोकस करण्याची ताकद १० डायॉप्टरच्याही (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) वर असते. साठीपर्यंत ती १च्या आसपास उरते. म्हणून चाळिशीनंतर पुस्तक लांब धरावं लागतं, नंबर दर काही वर्षांनी वाढतो आणि साधारण +२.५च्या आसपास येऊन थांबतो. चष्मा लावल्याने हा नंबर वाढत नाही, न लावल्याने थांबतही नाही. ‘सवय लागेल’ या भीतीने कपाळाला आठ्या घालून वाचण्यात काहीच मिळवायचं नसतं.

दुसरा बदल उजेडाचा. वयाबरोबर बाहुली लहान राहायला लागते आणि भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या डोळ्यात पोचतो. अंधारात गेल्यावर दिसायला वेळ लागतो, समोरच्या गाडीचे दिवे जास्त टोचतात, करड्या जमिनीवरची करडी पायरी उमगत नाही. यावर औषध नाही आणि लागतही नाही. वाचताना दिवा बाजूने, कागदाजवळ आणि डोळ्यांवर तिरीप येणार नाही असा ठेवावा. जिन्याच्या पहिल्या-शेवटच्या पायरीच्या कडेला गडद किंवा उठून दिसणारी पट्टी लावावी. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा असावा. वयस्कर माणसाच्या घरी मी चष्म्याच्या नंबराआधी दिव्यांची चौकशी करतो, ती याचसाठी.

कोरडेपणाही वयाबरोबर वाढतो, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर विशेष. गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यातून पाणी वाहतं, कारण चुरचुरल्यामुळे डोळा पाणी सोडतो. म्हणून ‘माझे डोळे कोरडे कसे असतील?’ असं रुग्ण विचारतात. स्क्रीनकडे बघताना पापण्या नेहमीच्या निम्म्याहून कमी वेळा लवतात, त्याने हे अजून वाढतं. पापण्यांना कोमट शेक, मधूनमधून लांब पाहणं, आवर्जून पापण्या मिटणं आणि डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब एवढ्याने बहुतेकांचं भागतं.

वयाच्या खात्यात टाकायचं ते एवढंच. यापलीकडचं काहीही कमी दिसू लागलं तर कारण सापडेपर्यंत वयाला दोष देऊ नका.

मोतीबिंदू सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून त्याच्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त. भिंगातली प्रथिनं हळूहळू गढूळ होतात, एवढंच त्यात घडतं. मधुमेह, तंबाखू, उन्हातले अतिनील किरण आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स यांमुळे ते लवकर घडतं. एका प्रकारात भिंगाचा गाभा घट्ट होताना डोळ्याला उणे नंबर येतो, आणि वर्षानुवर्षं चष्म्याशिवाय न वाचू शकणारा माणूस अचानक उघड्या डोळ्यांनी वाचू लागतो. घरचे खूश होतात. ती नजर परत आलेली नसते, मोतीबिंदू पुढे सरकलेला असतो. तो विरघळवणारा कुठलाही थेंब आजवर सिद्ध झालेला नाही, कुणी कितीही छातीठोकपणे विकत असलं तरी.

‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. तेव्हा अख्खं भिंग काढायचे आणि नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा यायचा. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. विमानाच्या तावदानाचे प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात वर्षानुवर्षं निमूट राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यातून ती कल्पना आली. पुढे १९६७मध्ये चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून लहानशा छेदातून बाहेर काढण्याची फेको पद्धत आणली. या पद्धतीत जास्त पिकलेला, दगडासारखा मोतीबिंदू उलट अवघड जातो. तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या पेशींना त्याचा मार बसतो. फारच लांबवलं तर डोळ्याचं प्रेशर, म्हणजे आतला दाब, एकदम चढून डोळा गमवायची वेळ येते. मी रुग्णाला एवढंच विचारतो : वाचणं, रात्री गाडी चालवणं, जिना उतरणं, माणसं ओळखणं, यांतलं काय अडतंय? अडत असेल तर वेळ आली. काही अडत नसेल आणि आत दुसरा धोका नसेल, तर घाई नाही.

ऑपरेशनआधी दोन गोष्टी सांगायला विसरू नका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा. त्या औषधाने ऑपरेशनच्या वेळी डोळ्यातला रंगीत पडदा ढिला पडतो आणि सर्जनला आधीच तयारी ठेवावी लागते. मनाने ते बंद करू नका, तेवढ्याने परिणाम जातोच असं नाही. दुसरं, जवळ-लांब दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल भिंग सगळ्यांसाठी नसतं. दिव्यांभोवती वलयं दिसणं आणि कॉन्ट्रास्ट कमी होणं ही त्याची किंमत असते. काचबिंदू किंवा मॅक्युलाचा आजार असेल तर मी साधं एकाच अंतराचं भिंगच सुचवतो आणि वाचायला चष्मा देतो. ऑपरेशननंतरच्या दिवसांत डोळा लाल होऊन दुखू लागला आणि नजर उतरली, तर त्याच दिवशी दाखवा; जंतुसंसर्गात एकेक तास मोलाचा असतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर घाबरू नका, भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते आणि लेझरने काही मिनिटांत ते काम होतं.

एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात घ्यावी. इंग्लंडमध्ये सत्तरीपुढच्या स्त्रियांवर झालेल्या आणि २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लवकर झालेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळलं. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येणाऱ्या कारणांच्या यादीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली उपचार न केलेल्या दृष्टिदोषाचा समावेश केला. ‘आता या वयात कशाला ऑपरेशन’ म्हणणाऱ्यांना मी हे दोन्ही सांगतो.

आता काचबिंदू. मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. दोन नावं सारखी वाटली तरी फरक एवढा मोठा आहे. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत १० ते १२ लाख तंतू असतात आणि काचबिंदूत ते एकेक करून मरतात. आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणाऱ्या फील्ड टेस्टमध्ये पहिला डाग उमटेपर्यंत त्यांतले बरेच गेलेले असतात. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरची अक्षरं स्वच्छ दिसतात. जातं ते कडेचं, आणि तेही काळं होऊन जात नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो. रुग्णाला फक्त एवढं जाणवतं की हल्ली दाराच्या चौकटीला खांदा लागतो, टेबलावरचा कप हाताने उलटतो, पायरी चुकते. या चुका तो धांदरटपणाच्या नावावर खपवतो.

आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर स्वतःला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. त्यामुळे तुम्हाला ‘काही तक्रार नाही’ याचा इथे काडीचाही उपयोग नाही. नुसतं प्रेशर मोजून ‘नॉर्मल’ ऐकून परत येऊ नका. १० ते २१ (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) हा सर्वसाधारण आकडा, पण काचबिंदू असलेल्या कित्येकांचं प्रेशर त्याच्या आतच असतं, शिवाय ते दिवसभरात वरखाली होतं. बुबुळ पातळ असेल तर यंत्र प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. पूर्ण तपासणीत प्रेशर, बुबुळाची जाडी, डोळ्यातला पाण्याचा निचरा होणारा कोन, नसेचं तोंड, नसेच्या थराची जाडी प्रकाशाने मोजणारा ओसीटी स्कॅन आणि फील्ड टेस्ट एवढं सगळं येतं. पहिली फील्ड टेस्ट खराब आली तर हाय खाऊ नका. नवख्या माणसाची ती बऱ्याचदा बिघडते. पुन्हा करून मगच निष्कर्ष काढायचा.

लवकर सापडला तर हातात बरंच काही आहे. अमेरिकेत फक्त प्रेशर जास्त असलेल्या, पण नस अजून शाबूत असलेल्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२मध्ये आले. औषधाने प्रेशर सुमारे २० टक्के उतरवलेल्यांमध्ये पाच वर्षांत ४.४ टक्क्यांना काचबिंदू झाला, औषध न दिलेल्यांमध्ये ९.५ टक्क्यांना. २०१९च्या एका ब्रिटिश अभ्यासात थेंबांऐवजी सुरुवातीलाच एसएलटी नावाचं सौम्य लेझर केलं, तेव्हा तीन वर्षांनंतरही सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना थेंबांची गरज पडली नव्हती. सगळ्यांना ते चालत नाही, पण रोजचे थेंब टाकणं जमत नसेल तर डॉक्टरांना या पर्यायाबद्दल जरूर विचारा.

थेंब टाकण्याची रीत कुणी नीट शिकवत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो. हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी ओढून खोबणी करा, आणि बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला न लावता एकच थेंब आत सोडा. खोबणीत साधारण ३० मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीचा एक थेंबच तेवढा किंवा जास्त असतो. दुसरा थेंब गालावरून ओघळून जातो. मग डोळा मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने हलका दाब देऊन दोन मिनिटं बसा. यामुळे औषध नाकावाटे रक्तात कमी जातं, आणि टिमोलॉलसारख्या काचबिंदूवरच्या थेंबाच्या बाबतीत ते फार गरजेचं आहे. दम्याच्या रुग्णाला त्याने श्वास लागू शकतो आणि नाडीही मंदावू शकते, म्हणून दमा असेल तर आधीच सांगा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. हात थरथरत असेल तर आडवं पडून टाका, किंवा घरातल्या कुणाला तरी हे काम द्या. माझ्याकडे ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्यांत औषध डोळ्यात पोचतच नाही असे बरेच असतात.

आणखी तीन सूचना. डोळे खाजतात म्हणून दुकानातून मनानेच आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने टाकल्यास काही लोकांत प्रेशर चढतं आणि नस कायमची जाते, तरुणांतही. दुसरं, काचबिंदू असेल तर शीर्षासनासारखी डोकं खाली, पाय वर अशी आसनं टाळा, त्या अवस्थेत डोळ्याचं प्रेशर दुपटीपर्यंत जातं. चालणं, पोहणं, सायकल हे उलट चांगलं. तिसरं, काचबिंदूचा एक प्रकार एकदम येतो : डोळ्यात भयंकर दुखणं, लाली, दिव्यांभोवती रंगीत वलयं आणि उलट्या. त्याला पोटाचा किंवा अर्धशिशीचा त्रास समजून रात्र काढू नये. अधिक (+) नंबर असलेल्या डोळ्यांत याची शक्यता जास्त असते.

मधुमेह असेल तर मी लिहिलेलं बाकी सगळं दुय्यम धरा आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. टाइप २ मधुमेहात निदान होताच पहिली तपासणी, कारण साखर त्याआधीच कित्येक वर्षं वाढलेली असू शकते. पडद्यावर रक्तस्राव सुरू झाला तरी सुरुवातीला नजर चांगलीच असते. टाइप १ मधुमेहावरच्या, १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. डोळ्यांसाठी इतका गुणकारी थेंब माझ्याकडे कुठलाही नाही. रक्तदाबाचंही तसंच; तो ताब्यात ठेवला की पडदाही वाचतो.

मॅक्युलाचा वयोमानाने होणारा आजार दोन प्रकारचा, कोरडा आणि ओला. कोरडा सावकाश चालतो. ओल्यात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून गळतात आणि काही आठवड्यांत मधली नजर जाते : चेहरे पुसट, रेघा वाकड्या. २००६च्या सुमारास डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आली आणि चित्र पालटलं. आधी हळहळण्याखेरीज फारसं काही करता येत नसे, आता वेळेत सुरू केल्यास बहुतेकांची नजर टिकते, काहींची सुधारतेही. ‘डोळ्यात सुई’ ऐकून लोक हादरतात. डोळा बधिर केलेला असतो आणि काम काही सेकंदांचं असतं. अवघड असतं ते महिनोन्‌महिने न चुकता येणं. या आजारात टाळता येण्याजोगं सगळ्यात मोठं कारण धूम्रपान आहे. त्याने धोका दोन ते चार पट होतो.

गोळ्यांचा विषय इथेच येतो. २००१ साली अमेरिकेतल्या एरेड्स अभ्यासात, मध्यम अवस्थेतला मॅक्युलाचा आजार असलेल्यांना ठरावीक मात्रेत जीवनसत्त्वं आणि जस्त दिल्यावर तो पुढच्या अवस्थेत जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. २०१३च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्यातलं बीटा-कॅरोटीन काढून १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन घातलं, कारण बीटा-कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. लक्षात घ्या, फायदा दिसला तो आजार मध्यम अवस्थेत पोचलेल्यांत किंवा एका डोळ्यात पुढे गेलेल्यांत. निरोगी डोळ्याचा आजार या गोळ्यांनी टळतो, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. तुमच्या पडद्यावर तसं काही नसेल तर ल्युटीनची गरज नाही. हिरव्या पालेभाज्यांत ते मुबलक असतं. कोरड्या डोळ्यासाठी खपणाऱ्या ओमेगा-३च्या कॅप्सूलही २०१८च्या चाचणीत ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

डोळे गरगर फिरवण्याच्या व्यायामाने चष्मा सुटत नाही, मोतीबिंदू थांबत नाही, काचबिंदूला काही होत नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२३ साली आढावा घेतला आणि अशा चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही आढळलं नाही. तो घ्यायचे पैसे उन्हाच्या चष्म्यावर घाला. मात्र काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे. त्यावर ‘यूव्ही ४००’ची, म्हणजे अतिनील किरण अडवण्याची, खात्री हवी. मंद उजेडात वाचल्याने डोळे थकतात, बिघडत नाहीत. घरी बनवलेला कुठलाही रस किंवा अर्क डोळ्यात घालू नका. बुबुळावर जखम होऊन नजर गेलेले डोळे पाहिलेत, म्हणून हे स्पष्टच लिहितो.

काही गोष्टींना दुसऱ्या दिवसाचीही मुदत नसते. अचानक चकाकणाऱ्या रेघा, तरंगणाऱ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेने पडदा ओढल्यासारखी सावली आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. साठीच्या सुमारास डोळ्यातला पारदर्शक जेल पडद्यापासून सुटतो, त्यामुळे ठिपके दिसतात आणि बहुतेकांना पुढे काही होत नाही. पण अशा ताज्या तक्रारीत दहातल्या एखाद्याला पडद्यावर चीर सापडते. ती वेळेत लेझरने बंद केली तर पडदा सुटत नाही. उणे नंबर जास्त असेल तर ही काळजी दुप्पट. एका डोळ्याने काही मिनिटं अजिबात न दिसून मग पूर्ववत झालं, तरी ‘गेलं एकदाचं’ म्हणू नका. ती पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते, सरळ हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर कानशिलं दुखणं, केस विंचरताना डोकं दुखरं लागणं आणि चावताना जबडा भरून येणं यांच्यासोबत नजर कमी झाली, तर रक्तवाहिन्यांच्या सुजेचा एक आजार असतो. त्यात तातडीने स्टिरॉइड न दिल्यास दुसरा डोळाही जाऊ शकतो.

एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही, पण घरोघरी लपवली जाते. नजर बरीच गेलेल्या वयस्कर माणसांना कधी कधी नसलेली दृश्यं दिसतात : खोलीत बसलेली अनोळखी माणसं, लहान मुलं, भिंतीवर नक्षी. आवाज येत नाही आणि बहुतेकांना ते खरं नाही हेही कळत असतं. वेड लागलं म्हणतील या भीतीने ती सांगत नाहीत. शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं; आज त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. डोळ्यांकडून माहिती कमी झाल्यावर मेंदू स्वतःच चित्रं बनवतो. घरात आजी-आजोबांची नजर कमी असेल तर हलकेच विचारून पाहा. हे ओळखीचं आहे, वेड नव्हे, एवढं डॉक्टरांकडून ऐकूनच अनेकांचा जीव भांड्यात पडतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, येत्या महिन्याभरात काचबिंदूच्या दृष्टीने पूर्ण तपासणी करून घ्या, आणि सगळं ठीक निघालं तरी दरवर्षी एकदा जात राहा. घराण्यात काही नसलेल्यांनी चाळिशीत एक पूर्ण तपासणी, पंचावन्ननंतर एक ते तीन वर्षांनी आणि पासष्टनंतर वर्षा-दोन वर्षांनी केली तरी चालतं. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो, म्हणून गाडी स्वतः चालवत जाऊ नका. सुरू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन किंवा क्षयरोगासाठी इथॅम्ब्युटॉल घेणाऱ्यांच्या डोळ्यांवर वेगळं लक्ष ठेवावं लागतं. सध्याचा चष्माही न्या. पायऱ्या उतरताना प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकलमधून जमीन धूसर दिसते, तेव्हा चालण्या-फिरण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करावा का, हेही विचारून घ्या. ओसीटी आणि फील्ड टेस्टचे कागद मात्र दवाखान्यात सोडून येऊ नका. काचबिंदूत एकट्या रिपोर्टपेक्षा पाच वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवून जास्त कळतं, आणि पुढे डॉक्टर बदलावे लागले तर पहिला रिपोर्ट तुमच्याच फायलीत असायला हवा. भावंडं असतील तर त्यांनाही हीच तपासणी करायला सांगा.